सहभागी क्रमांक सात

...नाही हो, पुसता येत नाही! तेच तर मघापासून सांगतोय! पुसता आलं असतं तर मी इथे तुमच्यासमोर उभा राहून असा बोंबलत बसलो असतो का? फळ्यावरचं पुसता येतं, फोनमधला फोटो पुसता येतो, रागाच्या भरात पाठवलेला मेसेजसुद्धा समोरच्यानं वाचायच्या आत पुसता येतो, पण एकदा का तुमची फाइल त्या कोठारात गेली की संपलं! तुम्ही जाल, मी जाईन, फाइल राहील!

कोठार म्हणजे धान्याचं नव्हे. डेटाचं. आता पूर्वी कसं होतं, माणूस संशोधन करायचा, पेपर लिहायचा, आणि कच्ची माहिती कपाटात टाकून विसरून जायचा. सुखाचे दिवस! आता तसं चालत नाही. आता मासिकवाले म्हणतात, तुमचा पेपर आम्हाला पसंत आहे, पण ज्यावरून तो लिहिला ती सगळी माहिती आधी जगासाठी खुली करा, ऑनलाइन कोठारात ठेवा, त्याचा कायमचा क्रमांक आम्हाला कळवा, मग छापू. आणि पेपर छापून आला तर माझी नोकरी पक्की होणार होती. तर! नाही आला तर पुढच्या वर्षी माझ्या टेबलावर दुसरं कुणीतरी.

मी गेलो आमच्या विभागप्रमुखांकडे. त्यांना आम्ही पाठीमागे 'त्यात काय सर' म्हणतो. का म्हणतो ते तुम्हाला कळेलच. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "अरे, त्यात काय! नुसतं चढवायचं तर आहे!"

नुसतं चढवायचं तर आहे! या माणसानं उभ्या आयुष्यात जिन्याखेरीज काही चढवलेलं... म्हणजे जिनासुद्धा हे चढत नाहीत, लिफ्टनं जातात! यांची ईमेल शिपाई छापून आणून देतो, हे त्यावर पेननं उत्तर लिहितात! आणि मला सांगतायत, नुसतं चढवायचं तर आहे!

हां, संशोधन कशावर ते सांगायचं राहिलं. घोरण्यावर. हसा, हसा. सगळेच हसतात. लग्न ठरलं तेव्हा सासरेही हसले होते, सासूबाई मात्र हसल्या नव्हत्या. पण विषय गंभीर आहे बरं का! वय वाढतं तसं घोरण्याचा सूर कसा बदलतो, बायकांचा कसा, पुरुषांचा कसा, असं ते सगळं. आता त्यासाठी घोरणारी माणसं लागतात. पुरुष मिळतात, पुरुषाला घोरण्याची लाज नसते, असला तर अभिमानच असतो. पण साठीच्या पुढची बाई आणून दाखवा! एक बाई कबूल होत नाही. 'मी? मी नाही घोरत बाई, हे घोरतात!' सगळ्यांचे 'हे' घोरतात!

मग काय करणार? आमच्या घरी सासूबाई राहायला आल्या होत्या. मी बायकोला म्हटलं, विचारून बघ ना. ती म्हणाली, "तूच विचार, मला माझा जीव जड नाही झालेला." विचारलं. म्हटलं, आई, झोपेवर संशोधन आहे. 'घोरणं' हा शब्द मी तोंडातून काढला नाही, तो संमतिपत्रात होता, बारीक अक्षरात. त्यांनी चष्मा न लावता सही केली. झाल्या सहभागी क्रमांक सात. त्यांच्या उशाशी यंत्र ठेवलं, आणि त्यावर लक्ष ठेवायला बायकोनं शेजारीच टाकून दिलेल्या खुर्चीत मी बसलो. सकाळी आई काय म्हणाल्या? "मला मेलीला डोळ्याला डोळा नाही लागला." आणि मी मनात म्हटलं, सगळे घोरणारे असंच म्हणतात. यंत्रात रात्रभराचं घोरणं भरलेलं, आणि या म्हणे डोळ्याला डोळा नाही! आवाज मी ऐकत बसलो नाही, ऐकतो कोण? मोजायचं काम कम्प्युटर करतो. पण काय सांगू, क्रमांक सात म्हणजे रत्न निघालं! सगळ्या बायका आलेखात खाली, आणि ही एकटी वर, थेट छताला! त्या एका ठिपक्यावर मी पेपरात पानभर लिहिलं.

तर आता चढवायचं. मी फोल्डर उचललं, टाकलं कोठारात. दुसऱ्या दिवशी कोठारवाल्या बाईंची ईमेल. या बाईंचं काम म्हणजे आलेली माहिती तपासणं. फार गोड बाई. एवढ्या गोड की भीती वाटावी. 'आदरणीय संशोधक, आपला माहितीचा संच मिळाला, आनंद झाला. एक छोटीशी दुरुस्ती आहे.' तारखा एकाच पद्धतीनं लिहा. लिहिल्या. 'आनंद झाला. एक छोटीशी दुरुस्ती आहे.' रिकामे रकाने रिकामे का आहेत ते लिहा. अहो, रिकामे आहेत कारण त्यात काही नाहीये! नाही, नाहीये ते का नाहीये ते लिहा. लिहिलं. 'एक छोटीशी दुरुस्ती आहे.' तुमच्यानंतर हा संच कोण सांभाळेल? माझ्यानंतर! मी अजून चाळिशीला नाही पोचलो हो, माझ्यानंतर काय! मी बायकोचं नाव घातलं. ती म्हणाली, "मला कशाला? मी तुझे मोजे सांभाळते तेवढं पुरे आहे."

आणि एक दिवस, सरतेशेवटी, ईमेल आली: 'आनंद झाला. संच प्रकाशित झाला आहे. कायमचा.'

मी घरी आलो, चहा घेतला, पाय पसरले आणि कौतुकानं आपलं पान उघडलं. सहभागी एक. सहभागी दोन. तीन. चार. पाच. सहा. आणि मग... माझ्या हातातला कप तसाच राहिला. सातव्या फाइलचं नाव होतं, 'सासूबाई_फायनल_फायनल_आता_खरंच_फायनल'.

बाईंनी तारखा बघितल्या, रकाने बघितले, माझ्या मरणाची सोय बघितली, आणि हे नाव नाही बघितलं! आणि वर लेखक म्हणून माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मला काय चारपाच सासवा आहेत? सगळ्या जगाला, झालंच तर बायकोच्या सगळ्या माहेराला, खुला आवाज! आणि घोरण्याच्या आरोपावरून सासूबाई एकदा सासऱ्यांशी सबंध एक उन्हाळा बोलल्या नव्हत्या!

मी बाईंना लिहिलं, हात जोडतो, पुसा. बाई म्हणाल्या, "आम्ही काहीही पुसत नाही, सर. तेच तर आमचं ब्रीद आहे." मग निदान फाइल बंद तरी करा! "करू की. सहभागी व्यक्तीनं स्वतः लेखी तक्रार केली तर लगेच." म्हणजे बघा हं! सासूबाईंना कळू नये म्हणून फाइल बंद करायची, तर आधी सासूबाईंना जाऊन सांगायचं!

"तुम्ही नवी आवृत्ती काढू शकता," बाई म्हणाल्या. काढली. नाव बदलून 'सहभागी सात' केलं. बटण दाबलं, तर पुढे चौकट: 'काय बदललं आणि का?' मी लिहिलं, किरकोळ बदल. यंत्र घेईना. 'सविस्तर लिहा.' लिहिलं, फाइलचं नाव बदललं. बाईंची ईमेल, 'आनंद झाला. एक छोटीशी दुरुस्ती आहे. नाव का बदललं?' अरे देवा! शेवटी वैतागून खरं ते लिहिलं: सातव्या फाइलच्या नावातून सासूबाईंचा उल्लेख काढला. म्हटलं हे बाईंपुरतं असेल. कसलं बाईंपुरतं! ते पानाच्या माथ्यावर आलं, ठळक अक्षरात! आधी निदान फाइलींच्या यादीत खाली जाऊन शोधावं तरी लागत होतं!

मग तिसरी आवृत्ती, ती टीप काढायला. पुन्हा चौकट. काय बदललं? काय लिहिणार, बोला? 'सासूबाईंचा उल्लेख काढल्याचा उल्लेख काढला.' माथ्यावर! आणि जुन्या दोन्ही आवृत्त्या खाली जशाच्या तशा! दलदलीत पाय गेल्यासारखं झालं हो, जितका हलतोय तितका आत. आणि शेजारी तो आकडा, किती जणांनी फाइल उतरवून घेतली त्याचा. आमच्या विभागाच्या कुठल्याही संचाला काळं कुत्रं विचारत नाही, आणि क्रमांक सात रोज वाढतोय!

सरांकडे गेलो. म्हटलं, सर, संच मागेच घेतो. ते म्हणाले, "मग पेपर गेला. पेपर गेला की नोकरी गेली. त्यात काय!" हे सुद्धा त्यात काय! मी म्हटलं, आणि घर गेलं तर? "तो तुमचा घरगुती प्रश्न आहे. मी सांगितलं होतं ना, नुसतं चढवायचं आहे, तुम्ही बघत कशाला बसलात?"

घरात तोंडाला कुलूप. आई 'भाजी वाढू का' म्हणाल्या तरी मी दचकायचो. बायको विचारायची, काय झालंय तुला? मी म्हणायचो, ॲसिडिटी.

आणि मग हिच्या मावसभावानं नको ते केलं. प्रत्येक घरात एक असतो बघा, ज्याला नातेवाइकांची नावं इंटरनेटवर शोधायचा नाद असतो. बायकोच्या वाढदिवसाला सगळं माहेर आमच्या हॉलमध्ये, केक कापून झालेला, आणि हा पठ्ठ्या उठतो, "भावजी, तुम्ही तर मावशीला जगप्रसिद्ध केलंत!" आणि लावतो मोठ्या स्पीकरवर!

घर्रर्रर्र... फुस्स्स... घर्रर्रर्र... खिडकीची काच थरथरली हो! पोरं खदाखदा हसतायत, सासरे रुमालात तोंड लपवतायत, बायको माझ्याकडे अशी बघतेय की केकची सुरी मी हळूच लांब सरकवली. आणि आई? आई शांत. एकदम शांत. म्हणाल्या, "ही मी नाही."

झालं! हशा दुप्पट. मी म्हटलं, आई, तसं काही नाही, वय झालं की होतं... माझी जीभ कुणी धरली कशी नाही! त्या म्हणाल्या, "मी नाही म्हणते ना. बंद करू नका. पुढे चालू द्या."

आता माझा जीव कुठे अडकला बघा. तो आवाज आईंचा असेल तर घर जातं. आईंचा नसेल तर माहिती खोटी, पेपर खोटा, नोकरी जाते! मी उभ्या आयुष्यात कुणाच्या घोरण्यासाठी एवढा देवाचा धावा केला नव्हता. घर्रर्र... फुस्स... घर्रर्र... आणि मग त्या स्पीकरमधून, स्वच्छ, खणखणीत, पूर्ण जागा असलेला आईंचा आवाज: "अहो जावईबापू! कुशीवर वळा हो जरा! डोकं उठलं माझं!" आणि त्यावर, काय सांगू, माझा आवाज. "हं... हं..." आणि परत, घर्रर्रर्र!

क्रमांक सात मी होतो हो! मी! जागं राहून लक्ष ठेवणारा संशोधक!

हॉलमध्ये असं हसणं झालं की खालचे शेजारी वर आले. मला हसू नाही आलं. खरं सांगतो, लाज वाटली. आई रात्रभर जाग्या, सकाळी खरं तेच सांगत होत्या, आणि मी मनात हसलो होतो. मी म्हटलं, आई, चुकलं. त्या म्हणाल्या, "ते असू दे. आता तिथे खरं काय ते लिहा."

लिहितो म्हटलं. आणि गंमत बघा, तो ठिपका बायकांतून उचलून पुरुषांत टाकला, तर आलेख सुतासारखा सरळ! पेपर वाचला! चौथी आवृत्ती चढवली. बाई म्हणाल्या, "आनंद झाला. एक छोटीशी दुरुस्ती आहे. सहभागी सातचं संमतिपत्र?" अहो, सात मीच आहे! "हो सर, पण आपण स्वतःची परवानगी घेतली होती का?" नव्हती घेतली! आणि स्वतःची स्वतः घेता येत नाही, कुणीतरी तिऱ्हाइतानं मला माझंच संशोधन समजावून सांगायला हवं, आणि माझा माझ्यावर दबाव नाही याची खात्री करायला हवी. सर आले समजावायला. "त्यात काय! सही करा." झालं समजावून. मी केली सही.

"आणि दुसरं," बाई म्हणाल्या, "रेकॉर्डिंगमध्ये आपल्या सासूबाईंचं बोलणं आहे. त्यांची संमती घोरण्याची होती, बोलण्याची नव्हती."

गेलो आईंकडे कागद घेऊन. या वेळी त्यांनी चष्मा लावला. बारीक अक्षरं वाचली. पाठची बाजू वाचली. मग म्हणाल्या, "सही करते. पण माझं नाव घाला."

मी म्हटलं, आई, नाव लपवायलाच तर एवढ्या आवृत्त्या...

"लपवायला मी काय चोरी केली? रात्रभर जागून ऐकलं कोणी? घोरणारा कोण ते ओळखलं कोणी? कुशीवर वळवायचा प्रयोग केला कोणी? मग संशोधन कोणाचं? पूर्ण नाव घाला. लेखक म्हणून. पहिलं."

बायको म्हणाली, "तिसरं माझं. खुर्ची मी टाकली होती." सर म्हणाले, "चौथं माझं, त्यात काय!" बाई म्हणाल्या, "आनंद झाला." या वेळी छोटीशी दुरुस्तीसुद्धा नव्हती!

पेपर आला छापून. नोकरी पक्की झाली, सही-शिक्क्यानिशी. घरात शांतता. आता तुम्ही म्हणाल, मग रडताय कशाला? अहो, आमच्यात संदर्भ देताना लेखक जास्त असले की नाव फक्त पहिल्याचं लिहितात, पुढे नुसतं 'आणि इतर'. संच गाजला, जो तो त्याचा दाखला देतोय. परवा परिषदेत एक नामांकित प्राध्यापक स्वतः चालत माझ्याकडे आले, छातीवरची नावाची पट्टी वाचली, आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "काय विलक्षण संच आहे हो! बाई स्वतः नाही आल्या का? फार बारकाईचं काम आहे त्यांचं. आणि आपण त्यांचे...?"

काय सांगणार? जावई म्हणू? सहकारी म्हणू? सहभागी म्हणू? म्हटलं, "मी... इतर."