एका चुलीवर जेवणारे

केशव : दिनांक सतरा मे, दोन हजार पंचवीस, शनिवार, दुपार. स्थळ नागपूर, हिंगणा मार्गालगतची कामगार वस्ती. उत्पन्नातील विषमता आणि करांद्वारे तिचे निवारण या विषयावरील कुटुंब-पाहणी, तिसरी फेरी, फेरतपासणी. तपासणारा मी, केशव देवपुजारी, या संशोधनाचा प्रमुख. सोबत पाहणी करणाऱ्या माया मेश्राम. उत्तर देणाऱ्या, इंदूबाई मनोहरराव गायधने...

इंदूबाई : हळू बोला जी साहेब. हे आत झोपले हायेत.

केशव : ध्वनिमुद्रणासाठी आवाज स्पष्ट हवा, बाई.

इंदूबाई : स्पष्ट बोला ना. मोठ्यानं काहून बोलून राहिले? लाईन गेली, कूलर बंद हाये. आतमंदी सगळं आयकू जाते.

माया : सर, मोबाईल तुमच्याजवळ सरकवते. हळू बोललं तरी येते त्यात.

केशव : ठीक. बाई, आमच्या व्याख्येनुसार कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. आपल्या चुलीवर किती जण जेवतात?

इंदूबाई : मायाले मालूम हाये ना. पाच.

केशव : मनोहरराव, आपण, सून भूमिका, नात नूपुर. पाचवे कोण?

इंदूबाई : दुर्गेश. माहा पोरगा.

केशव : वय?

इंदूबाई : चोवीस.

केशव : माझी अडचण नेमकी तीच आहे. पहिल्या फेरीत, सहा वर्षांपूर्वी, त्याचे वय चोवीस. दुसऱ्या फेरीत चोवीस. आज चोवीस. त्याची मुलगी तेव्हा पाळण्यात होती, आता शाळेत जाते. मुलीचे वय वाढावे आणि बापाचे वाढू नये, असे आकडेवारीत होत नाही.

इंदूबाई : आता कसं वाढन त्याचं, साहेब?

माया : सर...

केशव : थांबा. माया, हे तुम्हाला ठाऊक होते?

माया : पहिल्या फेरीत नव्हतं. दुसऱ्या फेरीत शेजारच्यांनी सांगितलं. सेकंड शिफ्ट करून मोटरसायकलवर घरी येत होता. रस्त्यात ट्रक उभा होता, लाईट बंद.

केशव : आणि तरीही आपण त्याला जिवंत लिहिलेत?

माया : तुमच्याच सूचनापुस्तिकेत आहे, सर. 'उत्तर देणारा जे सांगेल तेच लिहावे. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यात फेरफार करू नये.'

केशव : तो नियम मी उत्पन्नासाठी लिहिला होता, मृत्यूसाठी नव्हे.

माया : तसं त्यात लिहिलेलं नाही.

इंदूबाई : भांडू नका बाप्पा. घ्या, पानी घ्या. माठातलं हाये. तिकडं शहरातल्या सदरवरून एवढ्या उन्हात आले अन् येऊन भांडून राहिले.

केशव : बाई, मी भांडत नाही. आपल्याला सारे सांगणे माझे कर्तव्य आहे. वरची मूठभर घरे आणि तळाची असंख्य घरे यांच्या उत्पन्नात किती अंतर पडले, ते आम्ही मोजतो. वरच्यांवर जादा कर बसवून तो पैसा खाली पोचवावा, असे माझे प्रतिपादन आहे. सोमवारी ते सरकारच्या कर-समितीसमोर मांडायचे आहे. ज्यांना तो कर नको, त्यांच्या वकिलाने आमची सगळी आकडेवारी मागवली आहे. हजारो घरांत एक मृत माणूस सापडला, की उरलेले जिवंतही खोटे ठरतात.

इंदूबाई : म्हनजे त्याले कापाले आले तुमी.

केशव : दुरुस्ती करायला आलो.

इंदूबाई : रेशनकार्डातून कापलं तवा तो बाबूबी हेच म्हने. दुरुस्ती करून राहिलो, बाई.

केशव : मला एवढेच सांगा. आपण पाच का सांगितलेत?

इंदूबाई : मी नाई सांगतलं. ह्यायनं सांगतलं. माया पहिल्यांदा आली तवा दुर्गेशले जाऊन महिना नव्हता झाला. हे त्या भिंतीले टेकून बसून राहत. बोलनं नाई, जेवनं नाई. मायानं इचारलं, एका चुलीवर किती जन जेवता? अन् ह्यायच्या तोंडून आवाज निंगाला, पाच. त्या दिवसापासूनचा पह्यला शब्द, साहेब. तिथं मी काय म्हनू, चार?

माया : मग मी नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं.

केशव : तेही पुस्तिकेत आहे. सगळी नावे मोठ्याने वाचावीत आणि 'बरोबर आहे का' असे विचारावे.

इंदूबाई : हाव. तिनं सगळ्यायचे नावं वाचले, शेवटी दुर्गेश, वय चोवीस. हे म्हनले, बरोबर हाये. त्या राती मले म्हने, त्याचं ताट वाढून ठेव. मी ठेवलं. सकाळी ताट रिकामं.

केशव : रिकामे?

इंदूबाई : तवापासून रोज रिकामं असते. हे आपल्या ताटात अर्धी भाकर खाते, हात धुते, उठते. मंग निजानीज झाली का चुलीपाशी खुडबुड आयकू येते. मी डोळे उघडत नाई.

केशव : म्हणजे ते ताट मनोहररावच...

इंदूबाई : मी डोळे उघडत नाई म्हनलं ना.

केशव : बाई, दुसरे कोण असणार?

इंदूबाई : ताटाच्या काठाले कांदा काढून ठेवलेला राह्यते. हे तं कांद्याबिगर घास गिळत नाई. कांदा दुर्गेश काढून ठेवे. लहानपनापासून.

माया : सर, नका विचारू पुढे.

इंदूबाई : इचारू दे वं. त्यायचं कामच हाये ते. पन आता मी इचारते. साहेब, तुमच्या घरी किती जन जेवते?

केशव : तीन. पत्नी प्रेमलता, मुलगी चिन्मयी आणि मी. अचूक सांगायचे तर, जेवणारे तीन. प्राप्तिकराच्या दृष्टीने चार.

इंदूबाई : चवथा कोन?

केशव : आमचे कुटुंबच. कायदा अविभक्त कुटुंबाला एक स्वतंत्र व्यक्ती मानतो. माझे वडील, गोपाळराव, वारल्याला पुष्कळ वर्षे झाली. वडिलोपार्जित दुकानाचे भाडे येते, ते अजून त्यांच्या नावाने चालणाऱ्या त्या कुटुंबाचे उत्पन्न म्हणून दाखवतो. त्या चौथ्यालाही करात आमच्यासारखीच सूट मिळते. सही मी करतो. हे सर्वस्वी कायदेशीर आहे.

इंदूबाई : तुमचे बाबा जेवते का मंग?

केशव : नाही.

इंदूबाई : ताट वाढता?

केशव : नाही.

इंदूबाई : मंग ते कोनत्या चुलीवर धरले तुमी?

माया : सर, वरच्या घरांचे आकडे आपण करविवरणांवरूनच घेतले ना? असे किती गोपाळराव असतील त्यात? एकेका बंगल्याची कमाई एकेका जास्तीच्या माणसात वाटलेली. श्रीमंत आहेत त्यापेक्षा कमी श्रीमंत दिसून राहिले.

केशव : कायद्याने जी व्यक्ती मानली, ती मी तशीच स्वीकारली. तळटीपेत तसे स्पष्ट नमूद केले आहे.

माया : मग दुर्गेशसाठी एक तळटीप टाका.

केशव : तळटीप मेलेल्याला जिवंत करीत नाही, माया.

माया : बंगल्यात करते की.

केशव : आपण वाद उत्तम घालता. पण मनाला पटणे आणि समितीला पटणे यांत...

इंदूबाई : हळू, साहेब.

केशव : क्षमा करा. नाही माया, तुमचेच खरे आहे. दुर्गेशमुळे चौघांची कमाई पाचांत वाटली जाऊन हे घर जास्त गरीब दिसते, आणि वडिलांमुळे माझे घर कमी श्रीमंत. दोन्ही चुका एकाच जातीच्या. त्यांतली एक शोधायला मी भर उन्हात येथवर आलो, आणि दुसरी दर जुलैत करविवरणात स्वतःच्या सहीने पाठवत राहिलो.

माया : मग सोमवारचं काय?

केशव : सोमवारी जाणार नाही. तसे कळवतो. वरच्या घरांतली ती सगळी जास्तीची माणसे काढून आकडे पुन्हा मांडावे लागतील. पावसाळा त्यातच जाईल.

माया : तारीख पुन्हा भेटेल?

केशव : बहुधा नाही. त्या वकिलाला हेच हवे असेल. पण तळाचा मृत कापायचा आणि वरचा राखायचा, असा हिशेब माझ्या नावाने जाणार नाही. सुरुवात घरून करतो. वाटणी करून वडिलांचे ते कुटुंब बंद करतो.

इंदूबाई : तुमच्या बाबाले कापता?

केशव : होय.

इंदूबाई : वाईट वाटन तुमाले.

केशव : दर जुलैत त्यांचे नाव लिहिताना ते समोरच्या खुर्चीत बसले आहेत असे वाटते. अक्षर तपासत. यंदा ती खुर्ची... असो. हा संशोधनाचा भाग नव्हे.

इंदूबाई : मंग लिहा, साहेब. चार लिहा. तुमी आपल्या बाबाले कापून राहिले, मी काय आडवी येऊ?

केशव : मनापासून सांगता?

इंदूबाई : कागदावर असला काय, नसला काय. पन वाचतानी पाच वाचा.

केशव : ते कसे शक्य आहे?

इंदूबाई : हे जागे झाले. खाट वाजली आता. मायाचा आवाज आयकला असन ह्यायनं. ते नावं वाचाची वाट पाहून राहिले.

केशव : बाई, जे लिहिलेले नाही ते मी वाचत नाही. उभ्या आयुष्यात वाचले नाही.

इंदूबाई : आज त्याचं नाव नाई आयकलं तं राती चुलीपाशी कोनी येनार नाई, साहेब. मंग सकाळी ते भरलेलं ताट मले पाहा लागन.

माया : सर, मी वाचते. तुम्ही बाहेर थांबा.

केशव : नको. संशोधनाचा प्रमुख मी आहे. ध्वनिमुद्रण बंद करा.

माया : केलं.

केशव : मनोहरराव गायधने. इंदूबाई. भूमिका. नूपुर...

इंदूबाई : आता मोठ्यानं, साहेब.

केशव : दुर्गेश मनोहरराव गायधने. वय चोवीस. बरोबर आहे का?

मनोहरराव : (आतून) बरोबर हाये.