गौरम्माच्या बाहुल्या

तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, निवडणूक मोर्चातच आटोपली. अप्पा लाल झेंड्याचे, उदबत्ती वळणाऱ्या बायकांचे पुढारी. त्यांतल्या गौरम्माचा आवाज सगळ्यांत मोठा. मी अप्पांच्या शेजारीच होते. चालता चालता त्यांनी तिला विचारलं, “या वेळी मत मलाच ना?”

“इल्ला अण्णा, नाही, समोरच्या पक्षाला. खोटं कशाला बोलू?”

“मग मोर्चाला कशाला येता?”

“मजुरीसाठी भांडावं ते तुम्हीच. पण दसऱ्याला आमच्या रीतीप्रमाणे मी बाहुल्यांची आरास मांडते, तेव्हा त्या पक्षाचे लोक ती बघायला घरी येतात. तुम्ही कधी आलात?”

“तसलं मी मानत नाही,” अप्पा म्हणाले. थोडं चालून हळूच म्हणाले, “यंदा मुलीला पाठवतो.”

“तिला काय पाठवता? ती दरवर्षी येते.”

अप्पा माझ्याकडे वळले. मी घाईघाईने मूठ उंचावून आयुष्यातली पहिली घोषणा दिली.