उंदराची कवळी

न्हाय, खिशात काय न्हाय. तंबाखूची पुडी हाय — हितं लॅबात चालत न्हाय म्हणून लपवली, बास. तू कशाला मागं ऱ्हायलीस गं? तुज्या शाळेतल्या समद्या पोरी बाईंसंगं मायक्रोस्कोप बघाया गेल्या की. उंदरांचं भ्या वाटत न्हाय व्हय तुला? — बरं हाय, गप बसणारी मानसं मला आवडत्यात. पर खिशाकडं बघू नगंस.

ये, हिकडं बघ. ह्या उंदरांच्या टाळूला उत्कर्षा मॅडमनी, हितं औषधाचा प्रयोग करत्यात त्यांनी, गुलाबी पट्टी बसवलीया, दाढांना चिकटवून — कवळीच म्हण की. हसतीस काय, खरंच सांगतो. पट्टीखाली बुरशी सोडायची, टाळू लालभडक हुतो, मग औषध लावून बघायचं. कशापायी? अगं, माज्यासारख्यांपायी. ही बघ माजी कवळी, वरची. हिच्याखाली तीच बुरशी. अशी आग हुती — तिखट ऱ्हाऊ दे, गोड च्याबी झोंबतो. मॅडम म्हनल्या, ईरप्पामामा, झोपताना काडून पाण्यात ठिवत जावा. काडली — आन टाळूला वारं लागलं तसं डोळ्यांतनं पाणीच आलं माज्या. तवा ह्यो तिसऱ्या पिंजऱ्यातला उंदीर आठवला. ह्येची कोण काडून ठिवणार?

ह्येची पट्टी? पडली. आपसूक पडली, भुशात घावली. उंदराचे दात सारखे चालत्यात, पडणारच की. आमी अक्कलकोटाकडची मानसं, मेंढरांत वाढलो. मेंढराचं तोंड आलं की बा माजा त्याचं डोस्कं मांडीत दाबून तोंड उघडायचा — तसंच उघडलं मी, टावेलात गुंडाळून, लई वळवळला बी न्हाय, चिमट्यानं एकदा धरून — म्हंजे पडल्यावर. पडल्यावर बघितलं तोंड.

अशी बघू नगंस गं. मॅडम तवा, मागल्या आठवड्यात, पुण्याला गेल्या हुत्या, खाणं-औषध समदं माज्याकडं. आता येतील, आज तोंडं तपासायचा दिस. म्या सांगणार, पट्टी आज सकाळीच पडली. बास, येवढंच. आज पडली काय, मागं पडली काय, कुणाचं काय जातंय? — जातंय की. मला कळतंय, येवढा येडा न्हाय मी. समद्या उंदरांत ह्येचंच तोंड लई वाईट हुतं, आन आता बघ, मांजराच्या पिलागत गुलाबी. बरं झालं पट्टी गेली म्हणून. मॅडम म्हणतील, औषधानं झालं. मग तेच औषध माज्या तोंडात, माज्यासारख्या किती म्हाताऱ्यांच्या तोंडात, आन आग हाय तशीच. खरं सांगावं तर काम जातंय माजं. ह्या वयात मेंढरं घिऊन फिरू व्हय?

तू कुणाला सांगशील? न्हाय ना? मान तरी हालव.

आन ते कोपऱ्यात भुशाखाली दाबलंय, तेबी तू बघितलंस. नजर लई बारीक हाय तुजी. कडक भाकरीचा तुकडा हाय. डब्यातला. मला चावत न्हाय, आमटीत बुडवून गिळतो. ह्यांना पट्टी हाय तंवर नुसतं पातळ खिमट मिळतंय. ह्येला कालबी तुकडा टाकला — कसा खातोय म्हणशील. पुढच्या दोन पायांत धरून, कुरुमकुरुम. मी नुसता ऐकत बसलो.

चपला वाजल्या. मॅडमच. तू जा आता, तुज्या बाई हाका मारत्यात. — या मॅडम. न्हाय, शाळेची पोरगी हाय, चुकली वाट. मॅडम, त्या तिसऱ्या पिंजऱ्यातल्याची पट्टी आज सकाळीच बघा — भुशात — ही घ्या. न्हाय, औषध कवाच चुकवलं न्हाय. टाळू? व्हय, बरा दिसतोय की. औषधाचाच — काय? कसला आवाज? मला तर काय ऐकू —

गप रं. आता नगं खाऊ. गप.

पोरी, तू अजून हितंच? जा म्हनलं न्हवं.

मॅडम, म्याच टाकलेली भाकरी खातोय त्यो. कडक भाकरी. आज सकाळपतोर पट्टीखाली तोंड आलेला कुणी कडक भाकरी खाईल व्हय?