यादीतून गळलेलं नाव

मोतीबिंदूमुळे शिंपीकाकांना समोरचं सगळं धुरकट दिसायचं. दवाखान्याच्या बाकावर ते केव्हाचे ताटकळले होते. शेजारच्या मायलेकींचं बोलणं मात्र लख्ख ऐकू येत होतं.

"अगं, माझ्यामागून आलेले तपासून घरीसुद्धा गेले."

"आई, थांब जरा. काउंटरवाली म्हणते, यादीत तुझं नावच नाही."

"यादीचा प्रोग्रॅम तूच केलास ना?"

"म्हणून तर लॅपटॉप उघडलाय! कालच यादी काढायची नवीन क्वेरी चढवली. एरर एकही नाही, आणि माणूस गायब."

"पाय हलवू नकोस, बाक हलतोय."

"तुझी नोंद तर आहे. मग यादीत का... आई, नातेवाइकाच्या रकान्यात बाबांचं नाव होतं ना?"

"ते गेल्यावर तूच काढलंस."

"तिथेच माती खाल्ली मी! रुग्णांचा आणि नातेवाइकांचा असे दोन तक्ते जोडताना असं लिहिलंय, की दोन्हीकडे नाव सापडलं तरच माणूस यादीत येईल."

"म्हणजे ते नाहीत, तर मीही नाही?"

"तसं नाही गं... म्हणजे, हो. मशीनला मी तसंच सांगितलंय."

"मग नीट सांग त्याला. ते होते तेव्हाही डोळे माझेच होते."

"सांगते. लेफ्ट जॉइन केला, की नातेवाईक नसला तरी तू राहशील... हं, आलीस बघ! बाबांची जागा रिकामी दिसतेय फक्त."

"दिसू दे. आहेच ती."

काउंटरवरून आईला हाक आली. लेक लॅपटॉप मिटणार, तोच शिंपीकाका चाचपडत उठून तिच्यापाशी आले.

"बाळ, जरा माझंही नाव बघतेस? आमची ही गेल्या हिवाळ्यात गेली."