परीक्षणातलं शेवटचं वाक्य

सत्यवती : कॉफी नको. स्वल्प पाणी द्या, पुरे. भांडायला नाही आले मी, अण्णा. एवढंच विचारायचंय, ते शेवटचं वाक्य तुम्ही का लिहिलंत?

चंद्रकांत : कुठलं वाक्य? सॉरी, पण दर आठवड्याला मी दोन-तीन रिव्ह्यू लिहितो.

सत्यवती : त्या लढाईच्या इंग्रजी पिक्चरबद्दलचं. लढाऊ जहाज बुडतं, सगळे गेले म्हणून घरोघर तारा जातात, आणि लढाई संपून वर्षं झाल्यावर एक खलाशी दारात येऊन उभा राहतो.

चंद्रकांत : अच्छा, तो! मुंबईच्या क्रिटिक्सनी धुऊन काढला हो त्याला. शेवट रडका, खोटा. मद्रासवाल्यांनी तर टिंगलच केली. मला वाटलं, कुणीतरी चांगलं बोलायला हवं. ती समुद्रातली लढाई काय टिपलीय!

सत्यवती : तुम्ही लिहिलंत, शेवट खोटा म्हणणाऱ्यांनी समुद्राला विचारावं. अशी कितीतरी माणसं अजून घरच्या वाटेवर असतील.

चंद्रकांत : हो. म्हणजे... रिव्ह्यू कुठेतरी संपवावा लागतो.

सत्यवती : माझे यजमान नौदलात होते. बेचाळीस साली त्यांचं जहाज बुडालं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तार आली, बाकी काहीच आलं नाही.

चंद्रकांत : मला कल्पना नव्हती.

सत्यवती : कशी असेल? बसवनगुडीत आम्ही दोघीच असतो, मी आणि सासूबाई. मी शाळेत शिकवते. तिथे रघुपती म्हणून गणिताचे मास्तर आहेत, बायको वारलेली. त्यांनी मला मागणी घातली. मला म्हणजे, सासूबाईंना येऊन विचारलं. आणि सासूबाई सरी म्हणाल्या, चालेल म्हणून. भावकीशी भांडल्या, मठातल्या आचार्यांशी भांडल्या. माझा मुलगा गेला, आता हिला किती वर्षं बसवून ठेवू, म्हणाल्या. वैशाखातला मुहूर्तही धरला.

चंद्रकांत : आणि मग त्यांनी पिक्चर पाहिला.

सत्यवती : शेजारच्या अंबुबाई घेऊन गेल्या, जहाजं बघायला मिळतील म्हणून. दोन दिवसांनी पेपरात तुमचं आलं. त्यांना इंग्रजी येत नाही. मला वाचायला बसवलं. एकेक ओळ मीच मराठीत सांगत गेले. शेवटची गाळावी असं वाटलं, पण तोवर तोंडातून गेली होती.

चंद्रकांत : मग?

सत्यवती : मुहूर्त मोडला. हे कुंकू बघताय ना? त्यांनी लावलं, स्वतःच्या हातानं. लावताना रडत होत्या, मला नको म्हणवेना. आता रोज मॅटिनीला जातात.

चंद्रकांत : मी खुलासा लिहिला असता. पण संपादक छापणार नाहीत. एका वाक्याचा काय खुलासा करायचा?

सत्यवती : छापू नका. घरी चला फक्त. पेपरातल्या माणसाचं त्या ऐकतील.

(बसवनगुडीतलं घर. दुसऱ्या दिवशी सकाळी. सत्यवतीच्या सासूबाई, गोदूबाई, दारात.)

गोदूबाई : या, या. तुम्हीच ते लिहिणारे? किती लहान आहात हो! सत्या, यांना कॉफी दे.

चंद्रकांत : आजी, मी एक सांगायला आलोय. तो पिक्चर म्हणजे कुणीतरी रचलेली गोष्ट आहे. ते जहाजसुद्धा खरं नव्हतं. पाण्याच्या हौदात लहान जहाजं ठेवून शूटिंग करतात.

गोदूबाई : असेल. आमच्या नरसिंहाचं जहाज खरं होतं.

चंद्रकांत : मी लिहिलं ते नुसतं लिहिण्याच्या भरात. मला त्यातलं काही माहीत नाही. मी समुद्र पाहिलाय तो चौपाटीवरून.

सत्यवती : ऐकताय ना, अत्ते?

गोदूबाई : ऐकते गं. मला एक सांगा, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत, की हिनं गळ घातली म्हणून आता खोटं बोलताय?

चंद्रकांत : खोटं नाही, आजी. मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

गोदूबाई : आणि आता?

चंद्रकांत : आता... पंधरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत कुणी ना कुणी कळवलंच असतं.

गोदूबाई : तो येणार नाही, हे ठाऊक आहे तुम्हाला? नक्की?

चंद्रकांत : नक्की कसं सांगू मी?

गोदूबाई : मग झालं. तारेनं सांगितलं, मी मान्य केलं. पंधरा वर्षं मान्य करत होते. कुणी म्हटलंच नाही, की वाट बघायला हरकत नाही. तुम्ही पहिले. तुमच्यावर राग नाही हो माझा. कॉफी घ्या, निवतेय.

सत्यवती : अत्ते, आणि मी?

गोदूबाई : तुझं वाईट करतेय, मला कळतं. पण तो आला आणि तू घरात नसलीस, तर मी त्याला काय सांगू? तू सांग, तसं करते.

सत्यवती : यांची कॉफी निवली, अत्ते. दुसरी आणते.

गोदूबाई : बघ, तुलाही सुचत नाही. मी आवरते. अंबुबाई यायची वेळ झाली.

चंद्रकांत : निघतो मी. मला माफ करा. उलट बिघडवूनच ठेवलं.

सत्यवती : फाटकापर्यंत येते. तुम्ही तरी काय करणार? त्यांनी विचारलं, तुम्हाला खोटं बोलता आलं नाही.

चंद्रकांत : पिक्चर शुक्रवारी उतरतोय. कदाचित मग त्या...

सत्यवती : पिक्चर उतरेल.

चंद्रकांत : एक विचारू? तुम्ही पाहिलात तो?

सत्यवती : परवा गेले त्यांच्याबरोबर. शेवटी तो माणूस दारात उभा राहतो, तेव्हा सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. मला भीती वाटली, अण्णा. ते खरंच येतील याची. आणि भीती वाटली याची लाज वाटली. त्यांचा चेहरासुद्धा मला नीट आठवत नाही.

चंद्रकांत : हे रघुपतींना सांगा ना. ते थांबतील.

सत्यवती : ते फार चांगले आहेत. काल शाळेत समोर आले, कपाळाकडे बघितलं, बाजूला झाले, आणि मला वहिनी म्हणाले.