हिरव्या झाकणाची किटली

(पैठण रोडलगतच्या एका गावात, बन्सीच्या घराची ओसरी. दुपार.)

बन्सी : तसं नाय काकू, तुमी मालकीणबाई असून आमच्या दाराला आलात, हेच लई झालं. खाली नका बसू, खुर्ची आनतो.

अंबिका : राहू दे. मला खालीच बरं वाटेल. तुझी सून कुठंय? मी रत्नमालाला भेटायला आलेय.

बन्सी : ती नाय इथं. नातीचा, संध्याचा जलदान विधी झाला, अन् त्याच सांजेला माझ्या राजेंद्रनं तिला बजाजनगरला तिच्या बापाच्या खोलीवर नेऊन सोडली.

अंबिका : पोर जाऊन आठवडा झाला नाही, तोच तिच्या आईला घराबाहेर काढलं?

बन्सी : तिनंच अंडं चारलं ना पोरीला. राजेंद्र म्हनतो, मला तिचं तोंड बघवत नाय.

अंबिका : अंड्यानंच झालं, हे कुणी ठरवलं?

बन्सी : म्याच. पोरीचं तोंड सुजलेलं, अंगभर गांधी उठलेल्या, श्वास नुसता घुरघुर. सरकारी दवाखान्यात नर्सबाईनं इचारलं, आज येगळं काय खाल्लं? म्या म्हनलो, अंडं. डॉक्टर मीटिंगला गेलेले. तिनं सुई भरली, तर म्या तिचा हात धरला. आमच्या पोरीला सुई चालत नाय, म्हनलो. ती बावरली, म्हनली शहरात न्या मंग. चितेगावच्या पुढं ट्रकांच्या रांगेत अडकलो काकू. माझ्या मांडीवरच गेली नात.

अंबिका : बन्सी, त्या दिवशी संध्या दूध प्यायली होती का?

बन्सी : व्हय, पेलाभर. तुमच्याच गोठ्यातलं.

अंबिका : हिरव्या झाकणाच्या किटलीतलं?

बन्सी : तेच. चंद्रीची कास सुजली व्हती ना, सकाळी म्याच तिच्या सडात औषधाची ट्यूब सोडली. तसलं दूध गिऱ्हाइकाच्या बाटलीत भरायचं नसतंय, म्हनून तुमी किटलीत दिलं. तुमचा नेमच हाय तो.

अंबिका : सासूबाईंचा नेम. दूध मातीत ओतलं की गाईची कास आटते, म्हणायच्या. ओतायचं नाही, कुणाच्या तरी मुखी घालायचं. उभा जन्म मी तेच करत आले, आणि वर पुण्य लागतंय म्हणून खूश. बरं, पावसाळ्यात संध्याला सुई टोचल्यावर गांधी उठल्या होत्या, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते?

बन्सी : हिला पेनिसिलिन चालत नाय, जाल तिथं सांगा. सांगितलं की आमी! तवापासनं कुणाला एक सुई लावू दिली नाय पोरीला.

अंबिका : चंद्रीच्या ट्यूबमध्ये तेच औषध होतं, बन्सी. काल गुरांच्या डॉक्टरांनी रिकामी ट्यूब वाचून दाखवली. ते दुधात उतरतं.

बन्सी : रत्नमालानं चांगलं उकळलं व्हतं दूध.

अंबिका : उकळून ते जात नाही.

बन्सी : याआधी कितीदा नेलं तसलं दूध! कुणाला काय झालं नाय.

अंबिका : त्या सुईनंतर ही पहिलीच वेळ.

बन्सी : मला वाटायचं, गिऱ्हाईक शहरातलं, नाजूक असतंय. आपल्याला काय होतंय? अन् नर्सबाईनं इचारलं तवा दूध ध्यानातच आलं नाय, काकू. दूध काय सांगायची गोष्ट असती व्हय?

मंदार : आई! फोन का उचलत नाहीस? गोठ्यावर सगळीकडं शोधलं तुला. बन्सीमामा, फार वाईट झालं हो.

बन्सी : या मंदारभाऊ.

अंबिका : मी सांगितलं त्याला, मंदार.

मंदार : आपलं काय ठरलं होतं, आई? हे बघा मामा, पोस्टमॉर्टेम नाही, रिपोर्ट नाही. दुधानंच झालं, असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही.

बन्सी : मंग अंड्याचंबी सांगता येत नाय.

मंदार : नाहीच.

बन्सी : मंग सून का गेली माझ्या घरातनं?

मंदार : मामा, ही गोष्ट व्हॉट्सॲपवर गेली तर उद्या एक फ्लॅट आपली बाटली घेणार नाही. फार्म बसेल, तुमचीही चूल त्यावरच आहे. आणि आमचा हेतू वाईट नव्हता. फुकट देत होतो, कधी विकलं का ते दूध?

बन्सी : इकायचं असतं तर तपासून दिलं असतं, भाऊ.

मंदार : सगळं आमच्यावर ढकलू नका. नर्सनं सुई भरली होती, ती तुम्हीच अडवलीत, गावभर बोलतायत. त्या सुईनं पोरगी...

अंबिका : मंदार! पुढं एक शब्द नाही.

बन्सी : काय व्हतं त्या सुईत, काकू?

अंबिका : काही नाही रे. तेव्हा उशीरच झाला होता.

बन्सी : खरं सांगताय?

अंबिका : खरं.

बन्सी : राजेंद्रला आज सांगतो. ट्यूब म्या सोडली, किटली म्या आनली, अंडं म्या म्हनलो. पण सुनेचा बाप माझं ऐकायचा नाय. म्हनंल, म्हातारा पोराचा संसार सांधाया थापा मारतोय. तुमी चला माझ्यासंगं.

मंदार : आई कुठंही येणार नाही.

अंबिका : चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीय आपण, मंदार. ती बाई तिकडं स्वतःलाच पोरीची वैरीण समजून बसली असेल, आणि मी घरी जाऊन घास गिळू? नाही गिळवत मला. गाडी काढ, नाहीतर रिक्षानं जाईन.

मंदार : आणि तिथं जाऊन बोलणार काय आहेस?

अंबिका : तेच कळत नाही. बन्सी, तू सांग. रत्नमालापुढं सुरुवात कुठून करू?

बन्सी : दुधापासनं करा, काकू. जाताना रडत म्हनत व्हती, दूध तेवढं पोटभर पेली माझी बाय.