पट्टी अर्ध्यालाच

...आणि वर मलाच विचारतात, "नाना, तुम्ही बोलला का नाहीत?" अहो, बोलतच होतो की! मी हळू बोलतो, जन्मापासून हळू बोलतो, माझं "अहो" तोंडातून निघेपर्यंत समोरच्याचा चहा पिऊन होतो, यात माझा काय गुन्हा?

तुम्हाला सांगतो, चौऱ्याण्णवचा जानेवारी. पिंप्राळ्यात अशी थंडी की खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ ठेवायची. आणि माझा पुतण्या लीलाधर, शाळेत मास्तर, लोकांच्या घरातले साप धरून रानात सोडणारा, त्याने बोदवडहून एक धामण आणली. नांगराचा फाळ लागलेली. गुरांच्या डॉक्टरने सहा टाके घातले. सहा! माझ्या हर्नियाला पाच होते. लीलाधर म्हणाला, "नाना, थंडीत सापाची जखम भरत नाही, हिला ऊब पाहिजे."

मी सुतार, चौथी शिकलेला, पण रॅक मीच केला. चार खण, प्रत्येकात सरकणारा प्लास्टिकचा पसरट डबा. वर धामण, तिच्याखाली एक मांडूळ, खालचे दोन रिकामे. आणि मुंबईच्या मित्राने पाठवलेली ती विजेवर तापणारी पट्टी, खणाला एक, काळी, कागदासारखी पातळ... तेवढ्यात लीलाधर निघाला आठ दिवस चाळीसगावला, प्रशिक्षणाला! माझा हात धरून म्हणाला, "नाना, पट्टी डब्याच्या आत नाही, खाली. खिळा नाही, घडी नाही. सरळ प्लगात नाही, थर्मोस्टॅटच्या डबीतून. आणि काही झालं तरी पट्टी अर्ध्यालाच! मागे ऊब, पुढे गार. साप बोलत नाही, नाना. फार तापलं तर त्याला सरकायला जागा पाहिजे."

साप बोलत नाही! म्हटलं, आपल्यातलाच आहे.

डबा पट्टीवर घासू नये म्हणून मी पटाशीने खणाखणात खाच पाडली आणि वायरमन बोलावला. रुपचंद, धुळ्याकडचा. दारातूनच ओरडला, "माले बठ्ठं माहीत शे, नाना!" म्हणे सगळं माहीत! अरे, मी अजून विचारलंच कुठे? "पुरा खण झाकू, मस्त गरम!" मी म्हटलं, "पट्टी..." त्याने पट्टी पसरली. मी म्हटलं, "अर्ध्या..." त्याने हातोडी उचलली! मग मात्र मी जन्मात केलं नाही ते केलं, खणावर आडवा हात टाकला. म्हटलं, ठोक माझ्या हातावर!

"पट्टी अर्ध्यालाच!"

"थंडीमा मरी जाई ना ती!"

"अर्ध्यालाच!"

लागली. चारही खणांत, चिकटपट्टीने, बिनखिळ्याची, अर्ध्यालाच. राहिली थर्मोस्टॅटची एक बारीक तार, टोकाला मण्याएवढी गाठ. "हिला इथं टांगू, छान दिसीन," म्हणत त्याने ती खिडकीच्या गजाला गुंडाळली. मी विचारायला गेलो, "ही..." तर त्याची सायकल कोपऱ्यावर!

सकाळी माझी बायको भागाबाई समोर उभी, हातात भांडं. सापांच्या खोलीकडे पाठ करून बसणारी बाई! पण थंडीत चार दिवस दही लागत नव्हतं, म्हणून हिने गुपचूप सगळ्यात खालच्या खणात विरजण ठेवलेलं! "अहो, हे बघा! पाणी वेगळं, चोथा वेगळा, आंबट ढाण! ही ऊब आहे का भट्टी? दह्याचं हे झालं, तर तुमच्या त्या वरचीचं काय?"

मी धावलो... म्हणजे माझ्या मानाने. डबा ओढला. मागचा अर्धा भाग हात लावू देईना. धामण पुढच्या गार कोपऱ्यात, तोंड उघडं, पण जिवंत! खाली मांडूळही तसंच. प्लग उपटला, खिडकीच्या गजाला हात लावला. बर्फ! तेव्हा चौथी पास डोक्यात उजेड पडला. अहो, ती तार म्हणजे डबीचं बोट! बोट थंडीत, मग डबीला वाटणारच, अजून गार आहे, अजून तापव! पुरा खण झाकला असता तर... जाऊ द्या. बोलवत नाही.

तार पट्टीवरच पक्की चिकटवली. पण कळ किती फिरवायची? घरातला थर्मामीटर ताप असल्याशिवाय काही सांगायलाच तयार नाही. भागाबाई म्हणाली, "सरका. मी विरजण लावते." धामण नि मांडूळ टोपलीत, टोपलीवर माझी गोधडी. मी? बिनगोधडीचा. पहिल्या सकाळी दही आंबट, कळ खाली. दुसऱ्या सकाळी पातळ, कळ किंचित वर. तिसऱ्या सकाळी गोड, घट्ट, भांडं उलटं केलं तरी हलेना! धामण डब्यात सोडली, तर ती आपली आपण मागच्या अर्ध्यात गेली नि वेटोळं घालून बसली. मी तिथंच बसलो, दुपारपर्यंत.

लीलाधर आला. "नाना, किती डिग्रीवर ठेवलं?"

म्हटलं, "गोड दही लागतं तेवढ्यावर."

होळीआधी जखम भरली, धामण रानात सोडली. तिने मागे वळून पाहिलं नाही. बरंच झालं, मी रडत होतो.

आणि आता? थंडी आली की रॅकात चार भांडी! तीन आमची, एक शेजारच्या कमलबाईचं! परवा लीलाधरने जखमी कवड्या साप आणला. मी हिला म्हटलं, "अगं, निदान एक खण तरी..." हिने बोट दाखवलं, "अर्ध्यालाच! दोन सापांना, दोन दह्याला." ठरलं. सापाला ऊब, दह्याला ऊब. माझी गोधडी? तिला सापाचा वास येतो म्हणे, ही घरात घेत नाही. म्हणून म्हणतो, बसा अजून थोडं... तुमच्याशी बोललं की तेवढीच ऊब.